तपकिरी कोट

“हे कोण होय गा?”

कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की ताईंचा पहिला प्रश्न हाच. समोर जिवंत माणसं उभी आहेत, कुणी खुर्ची पुसतंय, कुणी पाणी आणायला आत पळालंय, आणि ह्या बाईंची मान वर. जिथं घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो टांगतात, तिथं. चपला अजून पायातच. मग कुणीतरी सांगायचं, “माय होय माही,” किंवा “आमचे बुढे होयेत.” की ताई तिथंच खाली बसायच्या आणि म्हणायच्या, “मंग सांगा.”

तुम्ही म्हणाल, असल्या बाईला लोक घरात घेत कसे होते? घेत होते हो! चहा पाजत होते, आणि निघताना वांगी, लाखोरीची डाळ, काही ना काही पिशवीत कोंबत होते. ती पिशवी गाडीच्या हँडलला अडकवून चालवायचं काम माझं.

मी आणि ताई एका वर्गात होतो. भंडाऱ्याला, एम.ए. मराठीला. मी नुकताच बी.ए. झालेला, जवळच्याच शहापूरहून गाडीवर ये-जा करणारा. ताई पंचेचाळिशी ओलांडलेल्या, एकोडीहून साकोली आणि तिथून भंडारा असा बसनं प्रवास करणाऱ्या. यजमान कंडक्टर होते, ते आदल्या हिवाळ्यात वारले. मुलगा पुण्याला कंपनीत. धानाची शेती दुसऱ्याला करायला दिलेली. मुलगा फोनवर सारखा मागं लागायचा, आई, एकटी काय करतेस तिथं, पुण्याला ये. ताईंनी त्याला एकच उत्तर देऊन ठेवलं होतं, “एम.ए. पास होऊ दे, मंग येईन.”

पहिल्या दिवशी त्या वर्गात शिरल्या आणि आम्ही सगळे उठून उभे राहिलो. ताईंनी वळून मागं पाहिलं, कोण आलं म्हणून. मागं कुणीच नव्हतं. मग पहिल्या बाकावर पिशवी ठेवत म्हणाल्या, “बसा गा, बसा. मीबी शिकालेच आली.” कुणीतरी लाडात ‘काकू’ म्हटलं, तर बोट उगारलं. “काकू घरी. इथं ताई.”

तिसऱ्या सत्रात चिन्हमीमांसेचा पेपर होता. नाव ऐकूनच निम्मा वर्ग लोकसाहित्याकडे पळाला. खरं तर विषय मोठा गमतीचा. चित्र असो, जाहिरात असो, लग्नपत्रिका असो, ती आपल्याला काहीतरी सांगत असते. काय सांगते आणि कसं सांगते, ते उकलून पाहायचं, बस. आमचे सर त्यात रंगून जायचे. एकदा बियाण्याची पिशवी आणायचे, एकदा झाडीपट्टीतल्या नाटकाचं पोस्टर. ते फळ्यावर चिकटवून विचारायचे, हिरोईनचा चेहरा एवढा मोठा आणि नाटक लिहिणाऱ्याचं नाव एवढं बारीक, हे काहून? आम्ही तासभर भांडायचो.

ताईंना ती परदेशी नावं काही केल्या बसायची नाहीत. त्या ‘तो फ्रान्सवाला’ आणि ‘तो स्वित्झर्लंडवाला’ म्हणायच्या, बाजारात भाजीवाल्यांना ओळखतात तसं. सरांनी अवघड काही शिकवलं की मान डोलवून म्हणायच्या, “समजलं नाही मले, पण पटलं.”

“ताई, चिन्हक म्हणजे काय?” सरांनी एकदा विचारलं.

“जे दिसते ते.”

“आणि चिन्हित?”

“जे दिसत नाही, पण तुम्ही दाखवता ते.”

सर खुर्चीत बसून हसले. खूप वेळ हसले.

मग तो फोटोंचा तास आला. आमच्याकडची एक रीत तुम्हालाही ठाऊक असेल. माणूस गेलं की तेरवीच्या आत, आमच्या बौद्धांकडे जलदानाच्या आत, मोठा फोटो बनवून आणावा लागतो. आता घरात धड फोटो असतो कुणाचा? कुणाचा आधार कार्डावरचा, कुणाचा लग्नातल्या घोळक्यातला, कुणाचा मोबाइलवर पोरानं काढलेला. तो घेऊन स्टुडिओत जायचं. स्टुडिओवाला चेहरा तेवढा उचलतो आणि खाली त्याच्या कॉम्प्युटरमधला कोट चढवतो. मागं निळं आभाळ, नाहीतर लाल पडदा. बाई असेल तर जरीचं लुगडं. ज्या म्हाताऱ्यानं जन्मभर धोतर नि बंडी घातली, तो तेराव्या दिवशी टाय लावून भिंतीवर चढतो. आणि स्टुडिओवाल्याकडे कोट तरी किती असणार? आमच्या तालुक्यातले निम्मे मेलेले पुरुष एकाच कोटात आहेत.

सरांनी असे फोटो जमवले होते. पडद्यावर एकामागून एक दाखवले. तोच कोट, तोच टाय, तीच खिशातली पेनची टोपी, आणि वर वेगळं डोकं. वर्ग हसून लोळला. सर वाईट अर्थानं नव्हते बोलत, माणूस फार भला होता. ते म्हणाले, “बघा, हा फोटो खोटं बोलतो. पण खोटं बोलतानाच घराची खरी इच्छा सांगून टाकतो. प्रतिष्ठा जिवंतपणी मिळाली नाही, ती फोटोत घालून दिली.” आम्ही धडाधड लिहून घेतलं.

ताई हसल्या नव्हत्या.

“समजलं ना, ताई?” सरांनी विचारलं.

“समजलं सर. पण पटलं नाही.”

बाहेर टपरीवर चहा घेताना त्यांनी मला सांगितलं. “बाबू, माह्या घरीबी कोट आहे. तपकिरी. त्यायनं जिंदगीत कोट घातला नाही, खाकी घातली. मंग मी भिंतीवर खोटं टांगलं का गा?”

मी म्हटलं, ताई, तो शिकवायचा भाग असतो, मनावर काय घेता. त्यांनी कप खाली ठेवला आणि गप्प राहिल्या. ताई गप्प म्हणजे प्रकरण गंभीर, एवढं मला तोवर कळायला लागलं होतं.

पुढच्या रविवारी सकाळीच फोन. “साकोलीले ये. स्टुडिओत जाचं आहे.”

मी गेलो. स्टुडिओवाला त्यांना ओळखत होता. ताई स्टुलावर बसल्या आणि काहीही प्रस्तावना न करता म्हणाल्या, “यायचा कोट काढून दे. जसे होते तसे पाहिजे मले.”

“काहून ताई? चांगला तं दिसते.”

“खोटा आहे तो. काढ.”

चिन्हमीमांसा शिकलेल्या माणसाशिवाय असला हट्ट कोण करील! लोक स्टुडिओत कोट चढवायला जातात, आमच्या ताई उतरवायला गेल्या. त्यानं कुरकुरत जुनी फाईल शोधली. पडद्यावर यजमान आले, तपकिरी कोटातले, गालात जरा हसल्यासारखे. त्यानं माऊस दोनदा टिकटिकवला आणि कोट गेला.

खाली दवाखान्यातली खाट होती. उघडी छाती, गळ्याची हाडं वर आलेली, खांदे लहान मुलासारखे आत ओढून घेतलेले. चेहरा तोच, पण त्या खांद्यांवर तो हसल्यासारखा वाटत नव्हता.

ताई ताडकन उठल्या. हात पुढं केला आणि पंजा पडद्यावर ठेवला, बरोबर छातीवर.

“टाक. टाक गा परत.”

“आता काढा म्हणता, आता टाका म्हणता—”

“टाक म्हणलं ना तुले! लवकर टाक!”

त्यानं घाबरून टाकला. कोट परत आला तेव्हाच ताईंनी हात काढला. मी त्यांना गाडीवरून बस स्टँडला सोडलं. काही विचारलं नाही. मला वाटलं, ते रूप पाहून जीव कासावीस झाला असेल, दुसरं काय.

चौथ्या सत्रात प्रत्येकाला छोटा प्रबंध लिहायचा होता. मी नाटकाची पोस्टरं घेतली, सोपं काम. ताईंनी सरांना जाऊन सांगितलं, “मी मेलेल्यायचे फोटो घेईन. लोकं कोट काहून टाकतेत ते मले त्यायच्याच तोंडून ऐकाचं आहे.” सर खूश. मग आमची वरात सुरू झाली. उन्हाळी धानाचा रोवणा आटोपेपर्यंत थांबावं लागलं, कारण तोवर सगळी गावं बांधीत, चिखलात. घरी सापडतील ते फक्त फोटोच.

ताईंची पद्धत चिन्हमीमांसेच्या कुठल्याही पुस्तकात बसणारी नव्हती. आम्हाला शिकवलं होतं की आधी चित्राचं वर्णन करा, मग भाग पाडा, मग अर्थ लावा. ताई आधी चहा प्यायच्या. मग त्या माणसाची सगळी कहाणी ऐकायच्या, कशानं गेले, शेवटी काय खाल्लं, कोणाला हाक मारली. मग डोळे पुसायच्या. दोघीही रडून मोकळ्या झाल्या की मग विचारायच्या, “आता सांग माय, या फोटोत का दिसते तुले?” तोवर मांडी घालून बसून माझ्या पायांना मुंग्या आलेल्या असायच्या.

एका घरी दोन भाऊ, वेगळे निघालेले. बापाचा फोटो कुणाकडे राहील यावरून एवढं वाजलं की शेवटी दोन बनवले. थोरल्याकडे बाप निळ्या कोटात, धाकट्याकडे काळ्या. आम्ही दोघांकडे गेलो. धाकटा म्हणाला, “त्याच्या घरचा बाप खरा नाही होय.” ताई गंभीरपणे म्हणाल्या, “हौ ना, रंगच सांगते.” बाहेर आल्यावर पदर तोंडात कोंबून एवढ्या हसल्या की मला गाडी थांबवावी लागली.

आसगावला एका घरी म्हातारीचा फोटो पाहिला. भारी हिरवं लुगडं चढवलेलं, सगळं नीटनेटकं, आणि खांद्यावर कुणाचीतरी चार बोटं. नुसती बोटं, मागं माणूस नाही. चेहरा लग्नातल्या फोटोतून उचलला होता आणि बाजूच्या बाईचा हात कापायचा राहिला होता. मी हळूच ताईंना कोपर मारलं. ताईंनी विचारलं तर सून म्हणाली, “माह्या मावससासूचा हात होय. स्टुडिओवाला काढूनच राहिला होता. मीच म्हटलं, राहू दे. दोघी बहिणी लय जीव लावत होत्या.” ताई त्या बोटांकडे पाहतच राहिल्या. त्या दिवशी त्यांनी तिसरा चहाही घेतला.

मला ती बाई फार आवडायची. साधं सांगतो. तिच्यासोबत फिरलेले ते दिवस माझ्या सगळ्या शिक्षणातले चांगले दिवस आहेत.

तेरा घरं, बावीस घरं, किती झाली कोण मोजतो. ताईंनी सगळी लिहिली. अडलं ते स्वतःच्या घरापाशी. यजमानांचा फोटो त्यांनी प्रबंधात लावला होता. “सगळ्यायच्या घरचे घेतले, अन् त्यायले बाहेर ठेवू का?” पण त्याखाली नुसतं वर्णन. तपकिरी कोट, पांढरा शर्ट, मागं आभाळ. पुढं कोरं.

सरांना काळजी पडली. म्हणाले, “ताई, नागपूरहून बाहेरचे परीक्षक येणार. ते नेमकं इथंच धरतील. स्वतःच्या घरचा फोटो, आणि अर्थ नाही? प्रबंधात नापास झालात तर अख्खं एम.ए. अडकेल.” मग त्यांनी स्वतःच वाट दाखवली. “मी आधी चुकलो, ताई. तुमच्या समाजात कोट म्हणजे खोटी प्रतिष्ठा नव्हे. चौकातल्या पुतळ्याच्या अंगात जो निळा कोट आहे, तो प्रत्येक घरात आलेला आहे. स्वाभिमानाचा कोट आहे तो. हे लिहा. सुंदर विश्लेषण होईल.”

ताईंनी हात जोडले. “खरं आहे सर. तो कोट आमच्यासाठी लय मोठा आहे. लय घरी तेच आहे, अन् मी लिहिलंबी तसं. पण यायचा कोट तो नाही होय. उगाच कसं लिहू?”

“मग कोणता आहे?”

ताईंनी प्रबंध पिशवीत ठेवला. पुण्याहून मुलाचे फोन वाढले होते. त्यानं खोली बदलून मोठं घर भाड्यानं घेतलं होतं. नापास झाल्या तर पुन्हा वर्ष, पुन्हा एकोडीत एकट्या, आणि शिवाय ज्या तऱ्हेच्या फोटोंवर वर्ग हसला होता, तसला आपल्या घरचा फोटो परीक्षेतही हरलेला. हे त्यांच्या मनात होतं. मला त्यांनी बसमध्ये चढताना एवढंच म्हटलं, “मार्क जाऊ दे बाबू, पण त्यायले खोटं म्हणू नये कोणी.”

तोंडी परीक्षेच्या दिवशी ताई पांढऱ्या साडीत आल्या. आम्ही सगळे मागच्या बाकांवर बसलो होतो, तशी पद्धत होती आमच्या विभागात. परीक्षक शांत, जाड चष्म्याचे गृहस्थ. त्यांनी प्रबंधाचं कौतुक केलं, चार बोटांवर तर पाच मिनिटं बोलले. मग पानं उलटत उलटत त्या पानावर आले. सरांनी डोळे मिटून घेतले.

“हे कोण?”

“माहे मिस्टर होयेत.”

“इथं तुम्ही नुसतं वर्णन केलंय. बाकी सगळीकडे अर्थ आहे. हा कोट काय सुचवतो?”

ताईंनी ते पान आपल्याकडे वळवून पाहिलं.

“प्रतिष्ठा? नोकरदार वर्गात गेल्याची खूण? घाई नाही, सांगा.”

“सर, पुस्तकातल्या भाषेत नाही जमणार मले.”

“तुमच्या भाषेत सांगा.”

ताईंनी टेबलाची कड धरली. “त्यायले थंडी वाजून राहिली होती,” त्या म्हणाल्या.

परीक्षकांना कळलं नाही. आम्हालाही नाही.

“दवाखान्यात, सर. थंडीचे दिवस होते, खाट खिडकीजवळ होती. दवाखान्याचं पांघरूण टाकलं, माही शाल टाकली, लुगडं टाकलं. तरी तेच म्हणत. थंडी वाजून राहिली. डॉक्टर म्हणे, आंगातलीच थंडी आहे, पांघरुणानं जात नाही. तपासाले डॉक्टरनं त्यायले उघडं केलं, तवाच पोरानं फोटो काढला, आत्याले पाठवाले. तोच आखरीचा. मंग आम्ही स्टुडिओत गेलो. त्या पोट्ट्यानं विचारलं, कोट टाकू का? मी म्हटलं, टाक. तो म्हणे, निळा आहे, काळा आहे, तपकिरी आहे, कोणता टाकू?”

ताईंनी टेबलाची कड सोडली. मग म्हणाल्या, “मी म्हटलं, याच्यातला गरम कोणता होय?”

वर पंखा फिरत होता, ताईंनी पदर अंगाभोवती ओढून घेतला.

“तो हासला, सर. मंग त्यानं तपकिरी टाकला. म्हणे, हा जाडा दिसते.”

परीक्षकांनी चष्मा काढला, रुमाल शोधला, पुन्हा घातला. “म्हणजे ह्याचा अर्थ…” त्यांनी सुरुवात केली.

“अर्थ नाही सर. कोट होय तो.”

मला रडू आलं. माझ्या बाजूच्या पोरींनाही. सर खिडकीबाहेर पाहत होते. परीक्षक म्हणाले, “बसा ताई,” आणि मग बराच वेळ पुढच्या मुलाचं नाव पुकारायचं विसरले. तो पुढचा मुलगा मी होतो. माझ्या पोस्टरांबद्दल त्यांनी काय विचारलं आणि मी काय सांगितलं, आम्हा दोघांनाही नीट आठवणार नाही.

ताई पास झाल्या. प्रबंधात वर्गात सगळ्यांत कमी गुण त्यांनाच. शेरा होता, वर्णन उत्तम, विश्लेषण अपुरे. सर चिडले होते, मीही बडबडलो. ताई मात्र पेढ्यांचा पुडा उघडत म्हणाल्या, “बराबर आहे त्यायचं. अपुरंच आहे. खा तुम्ही.”

त्या उन्हाळ्यात त्या पुण्याला गेल्या. आता मी शहापूरला शाळेत शिकवतो. कामानं एकोडीला जाणं झालं तर त्यांच्या दाराला कुलूप दिसतं, ओसरीत शेजारच्यांचा धान वाळत असतो. अजूनही कुणाच्या घरी गेलो की माझी मान आपोआप वर जाते. पण तो प्रश्न विचारायची हिंमत माझ्यात नाही. त्याला ताईच पाहिजेत.

मागच्या महिन्यात फोन आला. पुण्यातल्या सोसायटीची तक्रार, दुधाची तक्रार, शेजारीण बोलत नाही ही सगळ्यांत मोठी तक्रार. “कोणाच्या घरात जाता येत नाही बाप्पा. दारातूनच बोलतेत.”

“आणि भाऊजींचा फोटो? लावला का?”

“कुठचं! घरमालक खिळा ठोकू देत नाही. पोरगा म्हणे, कपाटात ठेव. कपाटात कायले? खुर्चीवर बसवलं त्यायले, हॉलमध्ये. टीव्ही दिसते समोरून.”

“बरं केलंत.”

“हौ. खुर्ची तेवढी पंख्याखालून बाजूले घेतली.”